साल्सा : कोशिंबिरीची मेक्सिकन बहीण

मुले पोळीलाही बाटलीतला सॉस लावून खातात? त्यात साखर आणि मीठ भरपूर असते. बंगळुरूच्या के. आर. पुरममधून तर जुना मद्रास रस्ता थेट टोमॅटोच्या कोलारकडे जातो. मग तिथल्या मराठी गृहिणीने बाटलीवर का विसंबावे?

३ घट्ट टोमॅटो बिया काढून बारीक चिरा. त्यात १ कांदा, १ हिरवी मिरची, कोथिंबीर आणि अर्ध्या लिंबाचा रस घाला. मीठ मात्र वाढतानाच घाला, नाहीतर पाणी सुटते. झाला साल्सा!

तिखट न खाणाऱ्यांसाठी चक्क्यात पुदिना व किंचित लसूण वाटून घाला. काकडीच्या फोडींसोबत द्या. दोन्ही ताजेच करा, उरले तर फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्याच दिवशी संपवा. चिरायचे काम मोठ्या मुलांवर सोपवा. स्वतः केलेले मुले आवडीने खातात.