त्वरण ऐकताना

एकक काळात वेगात होणारा बदल म्हणजे त्वरण. नववीच्या पोरांना ही व्याख्या झोपेतून उठवून विचारली तरी येते. पण डोळ्यांना घरंगळणारी गोटी दिसते, त्वरण नाही. ओळखीच्या एका विज्ञानाच्या बाई ते ऐकवतात, म्हणून त्यांच्या तासाला जाऊन बसलो.

सरकत्या खिडकीची दोन मीटरची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, एका टोकाखाली वीतभर वह्यांचा गठ्ठा. पट्टीभोवती जागोजागी बारीक तार आवळलेली. गोटी तारेवरून गेली की टिक्. आधी तारा दर ४० सेंटिमीटरला होत्या. गोटी सोडली, टिक्-टिक् घाईला आली, शेवटी तर एकमेकींवर चढली.

मग बाईंनी तारा सरकवल्या: सुरुवातीपासून १०, ४०, ९० आणि १६० सेंटिमीटरवर. बघायला अगदीच बेढब. गोटी सोडली आणि ठोके सारखे पडले, साधारण अर्ध्या सेकंदाला एक! मागच्या बाकावर तबला शिकणारा एक मुलगा आहे. तो म्हणाला, "बाई, तिसरी किंचित लवकर येतेय." तार केसभर खाली घेतली, लय जुळली.

आता अंतरं मोजा: १०, ३०, ५०, ७०. दर ठोक्याला आधीपेक्षा २० सेंटिमीटर जास्त. वेग वाढतोय, पण वाढ ठरलेली आहे. एकसमान त्वरण ते हेच.

गॅलिलिओने १६३८च्या ग्रंथात असाच उतार वर्णिला आहे: लाकडातली खाच, आत गुळगुळीत चर्मपत्र, कांस्याची गोळी, आणि वेळ मोजायला भांड्यातून गळणारं पाणी, तेही तराजूत तोललेलं. स्टिलमन ड्रेक या अभ्यासकाने १९७५ मध्ये मांडलं, की ग्रंथाच्या आधीच्या प्रयोगांत गॅलिलिओने खाचेवर तंतू बांधून कानानेच काळ जोखला असावा. बाप ल्यूटवादक, स्वतःही वाजवणारा. मला हे पटतं.

वह्या वाढवल्या तर ठोके जलद झाले, पण सारखेच राहिले. शेवटी बाईंनी गोटी खालून वर ढकलली. ती चढली, थबकली, परतली.

"थबकली तेव्हा वेग किती?"

"शून्य!"

"आणि त्वरण?"

"शून्य!" वर्ग एका सुरात.

"मग ती तिथेच का नाही राहिली?"

तबलेवाला पुटपुटला, "म्हणजे तेव्हाही तेवढंच?" बाईंनी गोटी त्याच्या हातात दिली.