फूटपाथवरचे संसार

२०११च्या जनगणनेत देशात सुमारे १७.७ लाख लोक बेघर नोंदले गेले. मुंबईच्या फूटपाथवर राहणारे अनेकजण कष्टकरीच: हमाल, नाका कामगार, कचरावेचक. कामाजवळ परवडणारी खोली मिळत नाही, म्हणून ते तिथे राहतात. १९८५च्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच मोडतो असं मान्य केलं. फूटपाथवर राहण्याचा हक्क मात्र दिला नाही. तिथल्या झोपड्यांच्या पाडापाडीत भांड्यांबरोबर कागदपत्रंही जातात, आणि मग रेशन, बँकेचं खातं, मुलांची शाळा, सगळंच अडतं. बायकांना तर रात्री निर्धास्त झोपही नाही. लाख लोकसंख्येमागे एक निवारा असा शहरांसाठी निकष आहे. पण नवराबायको-मुलांना एकत्र राहता येईल असे निवारे फार कमी, हे मला सर्वांत खटकतं.