चुना की गेरू?

कोकणातल्या कितीतरी जुन्या घरांच्या भिंती वर चुन्याने पांढऱ्या आणि खाली गेरूच्या पट्ट्याने तांबड्या असत. पट्टा शोभेचा कमी, सोयीचा जास्त. पागोळ्यांचं पाणी अंगणात आदळून तांबड्या मातीचे शिंतोडे उडत. पांढऱ्यावर ते डोळ्यांत खुपत, गेरूवर दिसतही नसत. शेवटी गेरू तरी काय, लोहाच्या ऑक्साइडने तांबडी झालेली मातीच. वारली घरांत हीच जोडी उलट क्रमाने नांदते: भिंत गेरूची आणि तिच्यावर तांदळाच्या पिठाची पांढरी चित्रं.

शेडकार्डावर आता हे दोघे ऑफ-व्हाइट आणि टेराकोटा म्हणून भेटतात आणि दिवाळीआधी घरोघरी वाद रंगतो. तुला काय आवडतं, मला काय आवडतं! खोलीत उजेड कुठून येतो, हे मात्र कोणी विचारत नाही.

रंग किती उजेड परत फेकतो, ते 0 ते 100 या मापात सांगतात. ऑफ-व्हाइट 80च्या आसपास असतो, गडद टेराकोटा बहुधा 30च्या आत. म्हणजे शेजारच्या इमारतीला खेटलेल्या खोलीच्या चारही भिंती टेराकोटा केल्या, तर भर दुपारी दिवा लावायची तयारी ठेवा. उत्तरेच्या खिडकीतून येणारा उजेड निळसर असतो. त्यात गेरू मलूल, तपकिरी दिसतो. तोच रंग पश्चिमेच्या उतरत्या उन्हात उजळून निघतो. रात्री पुन्हा वेगळं: 6500 केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली तो मातकट, 2700च्या पिवळ्या दिव्याखाली ऊबदार.

पांढराही काही साधाभोळा नाही. समोर टेराकोटा असला की त्याच्यावर गुलाबी झाक उतरते. निळसर पांढरा गेरूशेजारी ठेवलात तर बैठकीच्या खोलीला दवाखान्याची कळा येते. तिथे किंचित पिवळसर पांढराच शोभतो. (आपल्याकडे चुन्यात नीळ घालायची ती त्याचा पिवळेपणा मारायला, हे खरं. पण तेव्हा भिंतीवर ट्यूबचा उजेड पडत नव्हता.)

कार्डावरच्या बोटभर चौकोनावर विश्वास टाकू नये. दोन फुटी पुठ्ठ्यावर दोन हात मारून, तो त्याच भिंतीला टेकवून सकाळी, संध्याकाळी आणि दिवा लावून पाहावा. तोही पूर्ण वाळल्यावरच, कारण इमल्शन वाळलं की बहुधा किंचित गडद होतं. चुन्याचं उलट, तो वाळता वाळता पांढरा होत जातो.

माझं मत विचाराल तर छत आणि तीन भिंती पांढऱ्या, आणि पश्चिमेचं ऊन जिच्यावर पडतं ती एकच भिंत टेराकोटा. टीव्हीमागची भिंत गडद करायची सध्याची हौस मला पटत नाही; तिथे रंगाकडे बघतं कोण? आणि मन अगदीच ठरत नसेल, तर आधी पांढरा लावून वर्षभर राहा. पांढऱ्यावर टेराकोटा सहसा दोन हातांत बसतो. टेराकोटा झाकून पांढरा आणायचा तर प्रायमरसकट जादा हात लागतात, आणि रंगारी त्याचे वेगळे पैसे लावतो.