टेक्नेशियम

टेक्नेशियम हे अणुक्रमांक ४३ असलेले, रुपेरी करड्या रंगाचे किरणोत्सारी मूलद्रव्य आहे. आवर्त सारणीत ते मँगनीजच्या खाली, मॉलिब्डेनम व रुथेनियम यांच्यामध्ये येते. कृत्रिमरीत्या निर्माण केलेले हे पहिले मूलद्रव्य होय. एकही स्थिर समस्थानिक नसलेल्या मूलद्रव्यांमध्ये ते सर्वांत हलके आहे.

शोध

मेंडेलीव्ह यांनी १८७१ मध्ये या रिकाम्या जागेतील मूलद्रव्याला ‘एका-मँगनीज’ म्हटले होते. त्यातील ‘एका’ हा संस्कृत ‘एक’च आहे. १९२५ मध्ये जर्मनीत ‘मसुरियम’ या नावाने त्याचा शोध जाहीर झाला, पण तो सिद्ध झाला नाही. पुढे कॅलिफोर्नियातील बर्कली येथील सायक्लोट्रॉनमध्ये वापरलेला मॉलिब्डेनमचा पत्रा अर्नेस्ट लॉरेन्स यांनी इटलीतील पालेर्मो येथे पाठविला. त्यातून १९३७ मध्ये कार्लो पेरिए व एमिलिओ सेग्रे यांनी हे मूलद्रव्य वेगळे केले. ग्रीक भाषेतील ‘कृत्रिम’ या अर्थाच्या शब्दावरून त्याचे नाव पडले.

त्याच्या सर्वांत दीर्घायुषी समस्थानिकांचे अर्धायुष्यही सुमारे ४२ लाख वर्षेच आहे. पृथ्वीचे वय ४.५ अब्ज वर्षांहून अधिक असल्याने मूळचे टेक्नेशियम केव्हाच नष्ट झाले. युरेनियमच्या खनिजांत विखंडनामुळे ते अत्यल्प प्रमाणात आढळते. १९५२ मध्ये पॉल मेरिल यांना काही तांबड्या ताऱ्यांच्या वर्णपटात त्याच्या रेषा दिसल्या. एवढे अल्पायुषी द्रव्य तेथे आहे, त्याअर्थी ताऱ्यांमध्ये जड मूलद्रव्ये आजही घडत आहेत, असा निष्कर्ष त्यावरून निघाला.

गुणधर्म

या धातूचा वितळबिंदू सुमारे २,१५७ अंश सेल्सिअस, तर घनता पाण्याच्या साडेअकरा पट आहे. तो नायट्रिक आम्लात विरघळतो, हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळत नाही. +४ व +७ या त्याच्या प्रमुख ऑक्सिडीकरण अवस्था आहेत. पर्टेक्नेटेटचे अल्प प्रमाण पोलादाला गंजण्यापासून वाचविते. परंतु किरणोत्सारामुळे हा उपयोग रूढ झाला नाही.

वैद्यकीय उपयोग

टेक्नेशियमचे खरे महत्त्व टेक्नेशियम-९९एम या समस्थानिकामुळे आहे. येथील ‘एम’ अणुकेंद्राची उत्तेजित, अल्पकाळ टिकणारी अवस्था दर्शवितो. त्याचे अर्धायुष्य सुमारे ६ तास असून तो १४० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे गॅमा किरण बाहेर टाकतो. हे किरण शरीराबाहेर पडतात आणि गॅमा कॅमेऱ्यास अचूक टिपता येतात. तपासणीला पुरेल इतका वेळ तो टिकतो, मात्र केवळ किरणोत्सारी क्षयानेच २४ तासांत त्याचा सोळावा हिस्सा उरतो. पर्टेक्नेटेट थायरॉइड ग्रंथीत साठते. फॉस्फोनेट संयुगाशी जोडल्यास टेक्नेशियम हाडांकडे, तर सेस्टामिबी या रूपात हृदयाच्या स्नायूंकडे जाते. जगातील आण्विक निदान तपासण्यांपैकी सुमारे ८० टक्के तपासण्या या एकाच समस्थानिकावर अवलंबून आहेत, असे मानले जाते.

सहा तासांत निम्मे होणारे द्रव्य साठवून ठेवता येत नाही. म्हणून रुग्णालयांना मॉलिब्डेनम-९९ भरलेले जनित्र पुरविले जाते. त्याचे अर्धायुष्य ६६ तास आहे. ॲल्युमिनाच्या स्तंभावर मॉलिब्डेनम घट्ट चिकटून राहते आणि त्याच्या क्षयातून तयार झालेले टेक्नेशियम सलाइनने धुऊन घेता येते. या क्रियेला तंत्रज्ञ गाईची धार काढण्याची उपमा देतात, आणि ती चपखलही आहे: धार काढल्यावर साधारण दिवसभरात जनित्र पुन्हा भरते, पण आठवड्याभरात ते आटते. भारतात अशी जनित्रे नवी मुंबईतील वाशी येथील विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळ पुरविते.

मॉलिब्डेनम-९९ मोजक्या, जुन्या अणुभट्ट्यांत तयार होते. मे २००९ मध्ये कॅनडातील चॉक रिव्हर येथील अणुभट्टी बंद पडली आणि ती ऑगस्ट २०१० पर्यंत बंदच राहिली. त्या काळात अनेक देशांत तपासण्या लांबणीवर पडल्या.

आण्विक कचरा

टेक्नेशियम-९९ चे अर्धायुष्य मात्र सुमारे २ लाख ११ हजार वर्षे आहे. अणुभट्टीतील युरेनियमच्या विखंडनात ते सुमारे ६ टक्के प्रमाणात निर्माण होते. पर्टेक्नेटेट पाण्यात सहज विरघळते व जमिनीत फारसे अडकत नाही, त्यामुळे ते भूजलाबरोबर दूरवर जाऊ शकते. कचरा काचेत गोठविताना उच्च तापमानाला त्याचा काही अंश वाफेबरोबर निसटतो. तो पकडून पुन्हा काचेत घालणे हे अशा प्रकल्पांतील एक अवघड काम आहे.