इंजिन बांधावर, नांगर रानात

इंग्लंडात जुन्या यंत्रांचे मेळावे भरतात. तिथे वाफेवरची नांगरणीची इंजिने अजूनही धूर काढीत रान नांगरून दाखवतात. त्यांतली एक गोष्ट आपल्या उसालाही लागू आहे, म्हणून ही माहिती देत आहोत.

या इंजिनाचे वजन १५-२० टन. एवढे धूड रानात घातले तर जमीन दडपणार, ओलीत तर रुतूनच बसणार. म्हणून जॉन फाऊलर यांनी दोराने नांगर ओढायची युक्ती काढली. १८५८ साली तिला तिथल्या रॉयल कृषी संस्थेचे ५०० पौंडांचे बक्षीस मिळाले. पुढे रानाच्या दोन्ही कडांना एकेक इंजिन उभे राहू लागले. बॉयलरखाली आडवा ड्रम, त्यावर पोलादी दोर. एक इंजिन नांगर ओढते, तोवर दुसरे आपला दोर सैल सोडते. मग पाळी बदलते. नांगरही तराजूसारखा. दोन्ही अंगांना फाळ, एक अंग जमिनीत, दुसरे हवेत. तासाच्या टोकाला तो वळवायला नको. दुसरे अंग खाली दाबले की झाले.

पहिल्या महायुद्धानंतर हलके ट्रॅक्टर आले, ही जोडी मागे पडली आणि यंत्र रानात शिरले. आज आपण भरलेली ट्रॉली ओल्या रानातून काढतो. चाकाखाली माती घट्ट होते, पाणी मुरत नाही, मुळी खाली जात नाही. फटका बसतो खोडव्याला. तेव्हा वाफसा आल्याशिवाय ट्रॅक्टर आत घालू नये, जाण्यायेण्याची वाट एकच ठेवावी आणि जमेल तिथे ट्रॉली बांधावरच भरावी, ही विनंती.