सिंथेटिक ऑईल टाकलं, मग ऑईल चेंज लांबवायचा का?

टेंभी नाक्याच्या आसपास कुठल्याही गॅरेजमध्ये पाच मिनिटं उभे राहा, दोन सल्ले हमखास ऐकू येतील. एक म्हणतो, "साहेब, दर तीन हजारला ऑईल बदला." दुसरा म्हणतो, "फुली सिंथेटिक टाका, पंधरा हजार बघायचं नाही." माझ्या मते दोन्ही सल्ले आपल्या गाड्यांना लागू पडत नाहीत. कारण समजून घेतलंत तर तुमच्या गाडीचा आकडा तुम्हीच ठरवू शकाल.

आधी सिंथेटिक म्हणजे काय ते बघू. इंजिन ऑईलमध्ये मोठा भाग असतो मूळ तेलाचा आणि उरलेला अॅडिटिव्ह म्हणजे मिसळलेल्या रसायनांचा. मूळ तेलाचे एपीआयने पाच गट पाडलेत. पहिले दोन म्हणजे साधं मिनरल. चौथा गट पीएओचा, म्हणजे खरोखर रसायनं जोडून बनवलेलं तेल. गंमत तिसऱ्या गटात आहे. ते कच्च्या तेलापासूनच येतं, पण त्यावर इतकी कडक प्रक्रिया होते की गुण जवळपास चौथ्या गटासारखे मिळतात. याला सिंथेटिक म्हणायचं का, यावर अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्यात वाद झाला आणि १९९९ मध्ये तिथल्या जाहिरात तपासणाऱ्या संस्थेने कॅस्ट्रॉलच्या बाजूने कौल दिला. त्यामुळे डब्यावर 'फुली सिंथेटिक' लिहिलंय एवढ्यावरून आत कुठला गट आहे ते कळत नाही. पण त्याने फार बिघडतही नाही, तिसरा गटही चांगलाच असतो.

सिंथेटिकचा खरा फायदा उष्णतेत. ते लवकर जळत नाही, घट्ट होत नाही, वाफ होऊन कमी उडतं. थंडीत पटकन वाहतं हाही गुण आहे, पण तो लेह-मनालीवाल्यांना जास्त कामाचा. ठाण्यात सकाळी गाडी स्टार्ट करताना ०डब्ल्यू आणि ५डब्ल्यूमधला फरक तुम्हाला जाणवणारही नाही.

आता मुद्द्याचं. ऑईल खराब होण्याची कारणं दोन प्रकारची. एक, तेल स्वतः तापून म्हातारं होतं. इथे सिंथेटिक जिंकतं. दोन, तेलात बाहेरून घाण येते: न जळलेलं पेट्रोल, पाण्याची वाफ, काजळी, धूळ, ज्वलनातून तयार होणारी आम्लं. या घाणीशी लढतात ती अॅडिटिव्ह, आणि ती लढता लढता संपतात. मूळ तेल कितीही भारी असलं तरी त्यात मिसळलेलं पेट्रोल पेट्रोलच राहतं.

आणि आपल्याकडे नेमका हाच दुसरा प्रकार जास्त. टेंभी नाक्यावरून स्टेशन दीड किलोमीटरच्या आसपास. तेवढ्या अंतरात इंजिन ऑईल नीट तापतच नाही. ते चांगलं तापलं आणि थोडा वेळ तसं राहिलं, की आतलं पाणी आणि पेट्रोलचा बराचसा भाग उडून जातो. रोज फक्त स्टेशन आणि जांभळी नाक्याचा बाजार करणाऱ्या गाडीत तो उडायची संधीच मिळत नाही. त्यात पावसाळ्याची दमट हवा. ऑईल फिलरच्या झाकणाखाली पांढरट लोणी जमलेलं दिसतं ना, ते बहुतेक वेळा हेच पाणी. मात्र कूलंटही कमी होत असेल तर मेकॅनिकला दाखवा, ते वेगळं दुखणं असू शकतं.

दुसरी गोष्ट तासांची. एक गाडी नाशिक हायवेवर सरासरी ५० च्या वेगाने १०,००० किमी चालली, तर इंजिन २०० तास फिरलं. तेवढेच १०,००० किमी माजिवडा, कापूरबावडी आणि घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये सरासरी १५ ने कापले, तर जवळजवळ ६६७ तास! मीटरवर आकडा एकच, पण ऑईलने तिप्पट नोकरी केली. म्हणूनच बऱ्याच कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये शेवटी एक तक्ता असतो, कठीण वापरासाठी. जवळच्या फेऱ्या, धूळ, थांबत-थांबत चालणारं ट्रॅफिक. तो तक्ता आपल्याच शहरासाठी लिहिलाय असं समजा.

"पण युरोपात तर तीस हजार किलोमीटर चालवतात!" हो, फोक्सवॅगनची लाँगलाईफ सर्व्हिस ३०,००० किमी किंवा दोन वर्षांपर्यंत जाते. पण तिथे गाडी स्वतः वापर मोजून मुदत कमी करते, ठरावीक मान्यतेचंच ऑईल लागतं, आणि रस्ते मोकळे.

मग माझं मत? कारमध्ये सिंथेटिक जरूर टाका, पण मॅन्युअलच्या मुदतीपलीकडे जाऊ नका. पेट्रोल गाड्यांना बऱ्याचदा १०,००० किमी किंवा एक वर्ष सांगितलेलं असतं, जे आधी येईल ते. फक्त गावात फिरत असाल तर कठीण वापराचा तक्ता पाळा. हायवेवाल्यांनी पूर्ण मुदत निर्धास्त वापरावी, तीन हजारला बदलणं म्हणजे पैसे ओतून देणं. वॉरंटीतली गाडी असेल तर मुदत ओलांडलीत आणि इंजिनाचा क्लेम नाकारला गेला, तर वाचवलेले हजार-दोन हजार कुठल्या कुठे जातील.

बीएस६ डिझेलवाल्यांनी तर लांबवायचा विचारच सोडावा. डीपीएफ साफ करताना इंजिन जादा डिझेल सोडतं, गावात ही सफाई वारंवार अर्धवट राहते आणि ते डिझेल ऑईलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका, लगेच ऑईल बदला.

बाईकचं गणित आणखी वेगळं. एकच ऑईल इंजिन, गिअर आणि क्लच तिन्ही सांभाळतं आणि गिअरच्या दातांत चिरडून पातळ होतं. तिथे जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलंच घ्या, कारचं उरलेलं ऑईल ओतलंत तर क्लच घसरू शकतो. स्कूटरला एमबी चालतं, पण तिच्यात ऑईल लिटरभरसुद्धा नसतं. तेवढ्यात घाण किती मावणार?

आणि रंगावर जाऊ नका. ऑईल काळं होतं कारण ते काजळी धरून ठेवतंय, ते त्याचं कामच आहे. त्यापेक्षा महिन्यातून एकदा गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन थंड असताना डिपस्टिक बघा. पातळी खालच्या खुणेकडे सरकतेय का, पेट्रोलचा वास येतोय का, एवढं तपासायला दोन मिनिटं लागतात.