सलाईन चढतंय, मग लघवी का नाही?

बोईसरच्या एमआयडीसीतून निघालेले ट्रक-टँकर चिल्हार फाट्याला मुंबई-अहमदाबाद महामार्गाला लागतात. या पट्ट्यात अपघात काही नवे नाहीत. खूप रक्त गेलेला जखमी शुद्धीत असला की एकच धोशा लावतो, पाणी द्या. ही तहान घशाची नसते. रक्त घटल्याची खबर मूत्रपिंडाला लागते, ते रेनिन सोडतं, त्यातून अँजिओटेन्सिन तयार होतं आणि ते मेंदूतली तहान चेतवतं. (पाणी मात्र पाजू नये, पुढे भूल द्यायची वेळ आली तर उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते.)

सत्तर किलोच्या माणसात रक्त जेमतेम ५ लिटर. त्यातलं दीड-दोन लिटर गेलं की रक्तदाब कोसळतो. पण त्याच्या कितीतरी आधी मानेतल्या आणि महाधमनीतल्या दाब जोखणाऱ्या मज्जातंतूंनी बोंब ठोकलेली असते. सेकंदांत अ‍ॅड्रिनलिन हजर! हातपाय गार, पांढरेफटक, कारण तिथलं रक्त हृदय-मेंदूकडे वळवलेलं. मागोमाग मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन येतं. ते रक्तवाहिन्या आवळतं आणि मूत्रपिंडाला पाणी सोडू देत नाही. मीठ राखायचं काम अल्डोस्टेरॉनकडे.

मग सलाईन लागतं, आणि खरी गंमत इथेच सुरू होते. लिटरभर चढवलं तरी तासाभरानं रक्तवाहिन्यांत उरतं साधारण पाव लिटर. बाकीचं ऊतींत झिरपतं. तरीही दाब सावरतो, अ‍ॅड्रिनलिन आणि रेनिन उतरू लागतात. ताणलेलं हृदय तर स्वतःच एक संप्रेरक सोडून मूत्रपिंडाकडून मीठ-पाणी बाहेर काढवतं. निव्वळ पंप समजलेल्या हृदयाची ही करामत कॅनडातल्या अडॉल्फो डी बोल्ड यांनी १९८१ मध्ये उंदरांवर दाखवली.

पण जखम आणि वेदना तशाच असतात, त्यामुळे व्हॅसोप्रेसिन आणि कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढेच राहतात. बाटल्यांवर बाटल्या रिकाम्या होतात, अंगावर सूज येते आणि कॉटला लटकवलेल्या पिशवीत लघवी मात्र घोटभर. नातेवाईक धास्तावतात. डॉक्टरही ती तासातासाला मोजतात, कारण आत कुठे रक्त अजून वाहत असेल, तरीही लघवी अशीच आटते.

रक्तस्राव लांबला तर पिट्युटरीतला व्हॅसोप्रेसिनचा साठाच संपत येतो. मग ते बाहेरून दिलं तर? फिलाडेल्फियात १०० जखमींवर हे करून पाहिलं, निष्कर्ष २०१९ मध्ये आले. व्हॅसोप्रेसिन मिळालेल्यांना रक्त बरंच कमी चढवावं लागलं. मृत्यूंच्या प्रमाणात मात्र ठोस फरक दिसला नाही.